विहिरीच्या गाड्यावरचा चेहरा

माझ्या हातात कला आहे असं गावात सगळेच म्हणायचे, आणि त्यांच्याही आधी मी म्हणायचो. निजामाच्या सरकारी शाळेत मी मास्तर होतो. पोरांना उर्दूतून हिशेब शिकवायचा, घरी येऊन बायकोशी मराठीतून वाद घालायचा आणि उरलेल्या वेळात कागदाचा लगदा मळत बसायचं, असा माझा दिनक्रम. मुखवटे करायला मला मामानं शिकवलं. मामाला त्या कलेचा कधी गर्व झाला नाही. तो भाग मी माझा मीच शिकलो.

आमचं गाव लहान, पण बाजाराचं. गुरुवारी आसपासची खेडी लोटायची. आगगाडी धरायची तर बैलगाडी जुंपून चुडाव्याला जायचं, आणि काही अडलं-नडलं तर पूर्णेला. मार्गशीर्षात खंडोबाची जत्रा भरायची आणि जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सोंगांचे गाडे निघायचे. प्रत्येक आळीचा एक गाडा. त्यावर गणपती, शारदा, नरसिंह, मारुती. तोंडावर मुखवटा, अंगावर कुणाच्या तरी लग्नातला शेला. गाडा दारापुढे आला की बाया चाकांवर पाणी घालायच्या, सोंगाला ओवाळायच्या, पाया पडायच्या. आत कोण आहे ते सगळ्यांना माहीत असायचं. बांधावरून ज्याच्याशी वर्षभर तंटा चालला त्याच्याच पाया पडायची वेळ यायची आणि लोक ती मुकाट पार पाडायचे. तिसऱ्या दिवशी सगळे मुखवटे नदीत सोडायचे, ही रीत. एकदा देव करून पाहिलेला कागद पुन्हा घरात ठेवायचा नाही.

जर्मनची लढाई चालू होती त्यातल्या एका वर्षी कुणाच्या तरी डोक्यात आलं की देव दरसाल निघतात, यंदा त्यांच्या मागून आपलं गाव काढू. वेस कुणी बांधली, पहिला माग कुणी घातला, आगगाडीची शिट्टी पहिल्यांदा ऐकून कोण ज्वारीच्या ताटांत लपलं, जिनिंग कसं आलं, शाळा कशी निघाली. गावाचा काल आणि गावाचा आज, सगळं गाड्यांवर. हे मी सुचवलं असं मी पुष्कळ वर्षं सांगत होतो. मी सुचवलेलं नव्हतं.

पण गाव मात्र कामाला लागलं. कुंभारानं साच्यांना माती दिली, रंगाऱ्यानं रंग दिले, बांगड्यावाल्या चाचांनी बेगड दिली आणि ती कशी चिकटवायची हे शिकवायला रोज येऊन बसू लागले. चिंचोके भाजून, दळून, शिजवून खळ करायचं काम आळीतल्या बायांनी वाटून घेतलं. कागद मात्र मिळेना. लढाईमुळे पाटीवरची पेन्सिलसुद्धा दुर्मिळ झालेली. शेवटी तहसिलीतल्या पेशकारानं वाळवी लागलेलं जुनं दफ्तर दिलं. ते भिजवून, कुटून आम्ही चेहरे केले. लगद्यात न विरलेली उर्दू अक्षरं मुखवट्यांच्या आतल्या बाजूला ठिकठिकाणी राहिली. आमच्या पूर्वजांच्या डोक्यात कुणाचे तरी जुने अर्ज होते, म्हणायला हरकत नाही.

मिरवणुकीला इजाजत लागायची. दहा माणसं एका जागी जमली तरी ठाण्यातल्या अमीनसाहेबाच्या कानावर घालावं लागे, असे ते दिवस. ती इजाजत गावच्या देशमुखांच्या शब्दावर मिळाली. अट एवढीच, की दिवस मावळायच्या आत गाडे परत आले पाहिजेत.

एक गाडा विहिरीचा होता. बाजारातली विहीर देशमुखांनी खोदवली हे खरं. पण ती खोदताना जे घडलं तेही गावाला ठाऊक होतं. अर्ध्यावर गेल्यावर एका बाजूची दरड सुटली आणि खाली दोन माणसं अडकली. काठावर एक धनगराचा गडी मेंढरांना पाणी मिळेल म्हणून आशेनं येऊन बसत असे. तो दोर कमरेला बांधून उतरला. एकाला वर पाठवलं, दुसऱ्याला वर पाठवलं, आणि त्याची पाळी आली तेव्हा उरलेली दरड आली. वय वीसच्या आतबाहेर. घरी बायको पोटुशी होती. त्यानंतर आठ दिवसांनी विहिरीला पाणी लागलं आणि गाव ते प्यायला लागलं. विहिरीच्या गाड्यावर दुसरं कुणी बसवायचं असं त्या वेळी कुणाच्या मनातही आलं नाही.

त्याची बायको माझ्याकडे आली. लगदा कुटायला घेतला त्याच्या दुसऱ्याच दिवशी. सोबत सहा वर्षांची पोर होती, तिला तिनं बाहेर दोन करडांपाशी बसवलं आणि एकटी आत आली. माझी बायको लगदा कुटत होती, तिच्या शेजारी टेकली.

"मास्तर," ती म्हणाली, "माज्या लेकीनं बाप बघितला न्हाई. त्याचं तोंड तुमी कराल तर मी सांगीन तसं करा. एकदा पोरीला दावायचंय."

त्या काळी फोटो म्हणजे परभणीची गोष्ट, आणि मेंढरामागं फिरणाऱ्याचा फोटो कोण काढतो. त्या माणसाचा चेहरा जगात एकाच ठिकाणी शिल्लक होता, आणि ते ठिकाण माझ्यासमोर लगद्याच्या परातीपाशी बसलं होतं.

ती सहा-सात वेळा आली. मी ओल्या लगद्यावर बोटं फिरवायचो आणि ती सांगायची. कपाळ अरुंद. गालाची हाडं वर. मी सवयीनं मिशा काढल्या तर तिनं मान हलवली: मिशा न्हाई, नुस्तं मिसरूड व्हतं. नाकावर मात्र आमचे तीन दिवस गेले. लहानपणी मेंढ्यानं धडक दिल्यामुळे त्याचं नाक डावीकडे कललेलं होतं. किती कललेलं ते तिला शब्दात सांगता येईना. शेवटी ती पुढे सरकली, डोळे मिटले आणि दोन बोटांनी स्वतःच ते नाक ओढून बसवलं. मग डोळे उघडून बराच वेळ बघत राहिली. माझी बायको लगदा कुटायची थांबली होती.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या घोंगडीचा एक तुकडा घेऊन आली. त्याची काळी लोकर पिंजून लगद्याच्या आतल्या थरात घालू का, असं विचारलं. मी म्हटलं, घाला, लगदा धरून ठेवायला बरी पडते. ते मी कारागिराच्या ऐटीत म्हटलं. तिनं ती कशासाठी घातली हे मला कळत होतं.

पोरीला तिनं मुखवटा बघू दिला नाही. गाड्यावरच बघायचा, पुऱ्या रंगात. पोर दाराशी करडांना पाला चारत आपल्या बापाच्या खुणा पाठ करायची. वाकडं नाक, बारीक कपाळ. जाता-येता मलाच विचारायची, डावीकडं वाकडं का उजवीकडं.

जत्रेला चार दिवस राहिले आणि देशमुखांचा कारभारी आला. त्यानं काहीही मागितलं नाही. सगळे मुखवटे पाहिले, नावाजले, विहिरीच्या गाड्यावर कोण हे विचारलं आणि ऐकून नुसता म्हणाला, "आन् मालक कुठं दिसंनात." एवढं बोलून पानाची पिंक टाकून गेला.

पंच मंडळी माझ्याच ओसरीवर जमली. खरं सांगायचं तर ते माझ्यापेक्षा धीराचे होते. एक म्हणाला, विहिरीचा गाडाच काढू नका, उगं झंजट नको. दुसरा म्हणाला, धनगर राहू द्या, शेजारी देशमुखांचं नुसतं पागोटं मांडा पाटावर, तेवढ्यावर भागंल. हे दुसरं सहज झालं असतं. देशमुखही त्यात खूश झाले असते बहुधा. नवा मुखवटा सावलीत वाळायला दहा-बारा दिवस घेतो, उन्हात ठेवला तर तडकतो, तेव्हा नवा करायला वेळ नाही हे सगळ्यांना माहीत होतं. आणि मी म्हणालो, "काळजी करू नका. मी बघतो."

मला कुणीही सांगितलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे मी स्वतःलाही फिरवून फिरवून सांगितलं की गावाचा दबाव होता. दबाव काही नव्हता. मला परभणीच्या मोठ्या शाळेत बदली हवी होती आणि देशमुखांच्या एका चिठ्ठीनं ती झाली असती. शिवाय एका चेहऱ्याचा दुसरा चेहरा करून दाखवायची खुमखुमी होती, तीही खोटं कशाला बोलू. संध्याकाळी बसलो. अरुंद कपाळावर लगद्याचा पातळ थर देऊन ते रुंद केलं. काळासावळा रंग पुसून गव्हाळ दिला. मिसरुडावर शेळीच्या केसांच्या झुबकेदार मिशा चिकटवल्या. वर देशमुखांसारखं तांबडं पागोटं. नाक मात्र वाळून घट्ट झालं होतं. ते सरळ करायला गेलो असतो तर आख्खा मुखवटा फुटला असता. पागोटं आणि मिशा असल्यावर नाकाकडे कोण बघतं, असा मी विचार केला.

बायको दिव्याची वात सारायला आली. मुखवटा पाहून थांबली.

"तिला सांगितलंत का?"

सांगतो, म्हटलं. जत्रेच्या आदल्या दिवशी ती आली तेव्हा मुखवटा फडक्याखाली होता. मी म्हणालो, रंग ओला आहे, उघडता यायचा नाही. ती बरं म्हणाली आणि दारावरूनच फडक्याला हात जोडून गेली.

गाडे दुपारी निघाले. हलग्या, सनई, पोरांचा धुरळा. वेशीचा गाडा आला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागाच्या गाड्यावर एक म्हातारा खराच माग चालवत होता. आगगाडीच्या गाड्यावर दोघं जण तोंडानं शिट्टी वाजवून दमले होते. सगळा गाव रस्त्यावर आणि गाव आपल्यालाच बघतोय, असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. चांगला दिवस होता तो. मी तो नासवला नसता तर मला आजही आनंदानं आठवला असता.

विहिरीच्या गाड्यावर मुखवटा घालून देशमुखांचाच एक गडी बसला होता. आतून काहीतरी टोचतंय, खाज सुटली, म्हणून तो सारखा मान हलवत होता. मी गाड्याच्या पुढच्या बाजूला उभा होतो, कारागीर म्हणून. विहिरीपाशी गाडा थांबवायचा ठरलं होतं. तिथे ओट्यावर खुर्ची टाकून स्वतः देशमुख बसलेले, आणि बायांच्या घोळक्यात सगळ्यांत पुढे ती, हातात ताट, अंगाला बिलगून नवं परकर-पोलकं घातलेली पोर.

मी तिच्याकडे बघितलं नाही. पण पोरीचा आवाज ऐकू आला. पोर पाठ केलेल्या खुणा शोधत होती आणि तिला मिशा, पागोटं, रंग यांच्याशी काहीही कर्तव्य नव्हतं. तिला नाक सापडलं.

"माय," ती ओरडून म्हणाली, "ह्योच ना माजा बा?"

हलगी नेमकी थांबली होती. मग लोकांनी मुखवट्याकडे बघितलं, ओट्यावर बसलेल्या देशमुखांकडे बघितलं, त्या बाईकडे बघितलं. आधी देशमुखच हसले, मिशीवरून हात फिरवत. मग त्यांच्याभोवतीचे हसले. मग गाव हसलं.

मीही हसलो. फार नाही. जेवढं हसलो नसतो तर वेगळा पडलो असतो, तेवढं.

तिनं पोरीच्या तोंडावर हात ठेवला. मुखवट्याकडे पाहिलं आणि नाकावर तिची नजर थांबली, हे मला दिसलं. तिथून ती निघून गेली असती तर गोष्ट कदाचित हसण्यावारी गेली असती. पण ती पुढे आली, चाकावर पाणी घातलं आणि मुखवट्याला ओवाळलं. नवऱ्याला ओवाळायची संधी ती कुणाच्या हसण्यापायी सोडणार नव्हती. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. गाडा हलला.

त्या ओवाळण्यानं गावाची खात्री झाली. पुढचं काय सांगायचं. पाणवठ्यावर पोरीला देशमुखाची लेक म्हणून हाका मारायला लागले. दिरांनी तिचा वाटा वेगळा काढून दिला: वीसेक मेंढरं आणि गावाबाहेर एक छप्पर. तिसऱ्या दिवशी बाकीचे मुखवटे नदीत सोडले. हा एक देशमुखांना पसंत पडला म्हणून चावडीच्या भिंतीवर टांगला. माझी बदली मात्र झाली नाही. चिठ्ठीसाठी गेलो तेव्हा देशमुखांनी विचारलं, आपण कोण.

ती एकदा शाळेच्या ओट्याशी आली होती. पोरं सुटेपर्यंत उभी राहिली. भांडली नाही, मला वाटलं होतं भांडेल. म्हणाली, "मास्तर, तुमी एकदा चावडीत सांगा, त्यो चेहरा माज्या मालकाचा व्हता म्हणून. तुमचं आयकतेल. माजं कोण आयकायलंय."

मी म्हणालो, वेळ बघून सांगतो.

वेळ बघण्यात सहा वर्षं गेली. रोज चावडीवरून शाळेत जायचो आणि रोज तो मुखवटा डोळ्यांसमोर. शेजारच्या गल्लीतून जाणं सुरू केलं, तर गल्लीच्या तोंडाशी पाणवठा आणि पाणवठ्यावर ती पोर. ती मोठी होत होती. तिचं नाक सरळ होतं.

भादव्यात निजामाचं राज्य गेलं. देशमुखांनी शेवटच्या वर्षात वाड्यावर रझाकारांना थारा दिला होता. फौज आल्याची बातमी कळताच ते घरदार घेऊन पाहुण्यांकडे निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी लोक चावडीपुढे जमले. मीही होतो, खादीची टोपी घालून. शाळेचा कारभार माझ्याकडे येणार हे आदल्या दिवशीच कानावर आलं होतं. लोकांनी चावडीतली देशमुखांची खुर्ची बाहेर काढली, गादी काढली, लोड काढले, आणि भिंतीवरचा मुखवटा काढला. ढीग करून पेटवला.

गादीचा कापूस धुमसत होता. मग मुखवट्यानं पेट घेतला, आणि वास सुटला. ज्यानं मेंढरं पाळलीत त्याला तो वास सांगावा लागत नाही. लोकांनी नाकाला धोतराचे सोगे लावले. कुणीतरी म्हणालं, "केसं जळायलेत का काय?" मिशा जळाल्या असतील देशमुखाच्या, असं दुसऱ्यानं म्हटलं आणि सगळे हसले. मिशा तर कधीच जळून गेल्या होत्या. आतली लोकर जळत होती.

ती गर्दीच्या कडेला होती, पोरीच्या खांद्यावर हात ठेवून. वासासरशी तिचा हात निघून पदराकडे गेला. तिनं मला शोधलं असं म्हणणार नाही, पण आमची नजरानजर झाली. मी सांगू शकत होतो. देशमुख नव्हते, अमीनसाहेब नव्हता, इजाजत लागत नव्हती. जिवंत असताना ज्यानं दोन माणसं वर पाठवली तो तिथे दुसऱ्याचं तोंड घेऊन जळत होता, आणि तेवढं एक वाक्य बोललो असतो तर माणसांनी हातांनी आग विस्कटली असती. पण मग कुणीतरी विचारलं असतं, त्याला मिशा कुणी लावल्या. मी टोपी सारखी केली आणि उभा राहिलो. विझेपर्यंत.

घरी आलो. बायकोनं पाणी दिलं. कपड्यांना तो वास होता.

"आज तर कुणाचं भ्या नव्हतं," ती म्हणाली.

त्या रात्री जेवण गेलं नाही हेही सांगायची मला लाज वाटते, कारण न जेवल्यानं काय होतं.

चार दिवसांनी मी तिच्या छपराकडे गेलो. ती दारात लोकर पिंजत होती, पोर मेंढरांमागं गेली होती. मी उभ्यानंच बोललो. म्हणालो, बाई, मी तुम्हाला नवा करून देतो. आता कागदाला तोटा नाही. तुम्ही पहिल्यासारखं सांगा, मी तसाच करतो, आणि चावडीत तुमच्या मालकाचं नाव घेऊन मीच तो टांगतो. कोणी केलं आणि काय केलं तेही सांगतो.

तिनं हातातली लोकर खाली ठेवली. बसा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. डोळे मिटले आणि दोन बोटं समोर हवेत धरली, तेव्हा धरली होती तशी. नाकाच्या जागी ती बोटं जरा थांबली, डावीकडे झुकली. मग खाली आली आणि ओठांच्या वर आडवी फिरली, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. तिथंच थबकली.

"मास्तर," डोळे न उघडता तिनं विचारलं, "त्याला मिशा व्हत्या का हो?"

मी सांगितलं, नव्हत्या. नुसतं मिसरूड होतं, तुम्हीच सांगितलं होतं मला. तिनं डोळे उघडून बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं.